गाडीतला पखवाज

आमच्या ह्यांनी परदेशी गाडी घेतली, कारण अख्ख्या गेवराई तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. यापलीकडचं कारण मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मिळालं नसतं. सत्त्याण्णव साल होतं. परवान्यांची कटकट कमी झाली तशी ह्यांनी जिनिंगचा कारखाना टाकला, कापसात बरकत आली आणि आमचे विजयसिंह जीपमधून उतरले ते थेट या काळ्याभोर गाडीत जाऊन बसले. सारं गाव बघायला आलं. बायकांनी तिच्या दारात बघून पदर सारखे करून घेतले, इतकी ती चकचकीत होती.

आठवडाभरात ह्यांचं तोंड उतरलं. गाडीतल्या टेपचा आवाज बाहेर येत नव्हता.

"वेशीतून गेलो तर येक माणूस मान वळवीत न्हाई," हे म्हणाले. "येवढी मोठी गाडी, आन् आवाज कसा, तर नव्या नवरीसारखा."

"गाणं तुम्हाला ऐकायचंय का गावाला?"

"गावाला," हे म्हणाले. माणूस प्रामाणिक आहे, एवढं मला मान्य करावंच लागतं.

आणि यात त्यांचा एकट्याचा दोष आहे असंही नाही. आमच्याकडे आवाज नेहमी दुसऱ्यासाठीच असतो. लग्न असो, सप्ताह असो, निवडणूक असो, कर्णा चढवला की एक माणूस खांद्यावर रुमाल टाकून चालत सुटतो. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जातो आणि तिथे ऐकू आलं की रुमाल हलवतो. रुमाल हलला की कर्णा पास. कर्ण्याच्या खाली बसलेल्याला काय ऐकू येतं, हे आजवर कुणी विचारलेलं मी बघितलं नाही.

तर बीडला केदारअप्पांच्या दुकानात जाऊन भारीतला सेट बसवायचा, असं ठरलं. हे अप्पा पूर्वी रेडिओ आणि स्टोव्ह विकायचे. बाहेरचा माल यायला लागला तशी त्यांनी अर्ध्या दुकानाला काच लावली, एसी बसवला आणि गाड्यांचे म्युझिक सेट मांडले. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि तोंडात जपानी कंपन्यांची नावं. ह्यांना दोन्हींचा भारी आदर.

आबाही आमच्याबरोबर निघाले, पण त्यांचं काम वेगळं होतं.

आबा म्हणजे माझे सासरे, राधाकिशनराव. गोदाकाठच्या गावांत सप्ताहाला पखवाज कुणाचा, तर राधाकिशनआबांचा, असं मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. पुढे त्यांचे कान गेले. आधी उजवा गेला, मग डावा. औरंगाबादहून कानाचं मशीन आणलं, ते नुसत्या शिट्ट्या मारायचं. आबांनी ते काढून फडताळात टाकलं आणि पखवाजावर गवसणी चढवली. त्यानंतर त्यांचं बोलणंच आटलं. मी खाणाखुणा करायची आणि हे ओरडायचे. ओरडून उपयोग नाही हे कळत असूनही ओरडायचे. आबा मुलाच्या तोंडाकडे थोडा वेळ बघायचे आणि मान खाली घालायचे.

त्या चैत्रात त्यांनी स्वतःहून जाहीर केलं की पखवाज धुळाजीला देऊन टाकायचा. धुळाजी म्हणजे त्यांचा शिष्य, पलीकडच्या वाडीचा, चाळिशीचा गडी. "कान न्हाईत तर ताल न्हाई. देवापुढं बहिरी थाप मारायची न्हाई," एवढंच आबा म्हणाले. मी पुष्कळ समजावलं. पण हातवाऱ्यांनी माणसाला काय समजावणार? धुळाजी त्या दिवशी गेवराईच्या बाजाराला येणार होता, म्हणून बीडहून परतताना त्याला स्टँडजवळ गाठायचं आणि आबांनी आपल्या हातानं पखवाज त्याच्या स्वाधीन करायचा, असा बेत होता. पखवाज डिकीत ठेवला. तो नीट बसलाय का, हे बघायला आबा पुन्हा पुन्हा मागे जात होते. हा पखवाज गेला की आबा ओट्यावर जाऊन बसतील आणि तिथून कायमचे उठायचे नाहीत, अशी माझी खात्रीच झाली होती. आणि पुढच्या सीटवर त्यांचा सुपुत्र ड्रायव्हर सिद्धारामाला ट्रेबल म्हणजे काय ते समजावून सांगत होता. माझं डोकं फिरलं होतं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

बीडला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. अप्पांनी थंड पाणी दिलं आणि दोन सेट काढले. पहिल्याला लाल-निळे दिवे होते, ते गाण्याबरोबर नाचायचे. दुसरा काळा, गुपचूप, आणि त्याच्या जोडीला एक लाकडी पेटी. किंमत पहिल्याच्या दुप्पट.

"ही पेटी डिकीत बसती साहेब," अप्पा म्हणाले. "सबवूफर म्हणत्यात हिला. खालचा आवाज समदा ही देती. मोठमोठ्या गाड्यांत भायेरच्या देशात हेच लावत्यात."

"किती लांब ऐकू येतं?"

अप्पांनी कागद उलटून बघितला. कंपनीच्या कागदात हा आकडा नसावा.

"तसं न्हाई साहेब. ह्यो आत बसून ऐकायचा माल हाय."

"आत बसून तर माझं मी गुणगुणतो की," हे म्हणाले. "दोनी लावा. गाडीतच बगू."

पेटी ठेवायची तर डिकी रिकामी करायला हवी. पखवाज रस्त्यावर कसा ठेवणार, म्हणून मी तो उचलला आणि गाडीत नेऊन आबांच्या मांडीवर दिला. आबा मागच्या सीटवरच बसून होते. गुडघ्यांमुळे त्यांना उतर-चढ नकोशी व्हायची. इंजिन चालू, एसी चालू. अप्पांनी डिकीत पेटी बसवली, मागच्या फळीवर स्पीकर मांडले, वायरी ओढल्या आणि एक बटण लांब वायरीला लावून बाहेर घेतलं. बटण इकडे केलं की पहिला सेट, तिकडे केलं की दुसरा.

सिद्धाराम खांद्यावर रुमाल टाकून रस्त्याच्या टोकाला गेला. तिथे रसवंती होती. लांबीचा अंदाज त्यानं बहुतेक रसवंती बघूनच धरला असावा.

पहिला सेट लागला. ह्यांनी चारी काचा खाली करायला लावल्या. वरातीत वाजतं तसलं गाणं होतं. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली ताटं खणखणली, हातगाडीवाला कान धरून हसायला लागला, माणसं गोळा झाली. टोकाला सिद्धारामाचा रुमाल असा हलला की जणू निवडणूकच जिंकली. हे कमरेवर हात ठेवून उभे. चेहऱ्यावर तेज. गाडीत आबा जसे होते तसे समोर बघत बसलेले. एवढ्या गोंगाटात त्यांची पापणी हलली नाही. मला ते बघवेना.

"आता दुसरा," अप्पा म्हणाले. "पर ह्याला काचा बंद पायजेत साहेब. ह्याच्या कसोटीला मी पखवाजाची सीडी ठेवलीया. खालचा आवाज त्यातच कळतो."

काचा वर गेल्या. बटण तिकडे झालं. आम्ही सगळे कान टवकारून उभे. आतून बारीक धप् धप् येत होतं, भिंतीपलीकडे कुणी मिरच्या कांडत असावं तसं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. रस्त्याच्या टोकाला सिद्धाराम ग्लास हातात धरून उभा होता आणि रुमाल खांद्यावर होता तसाच लोंबत होता.

"बगा!" हे अप्पांना म्हणाले. "पैसा दुप्पट आन् आवाज पोटात! कावून घ्यायचा ह्यो, सांगा बरं?"

लोक हसले. अप्पाही गिऱ्हाइकाच्या मर्जीनं थोडं हसले. मी गाडीकडे बघितलं ते सहज, आबांना ऊन तर लागत नाही ना म्हणून.

आबांनी पखवाजाची गवसणी काढली होती. बहुधा शेवटचं बघून घ्यावं म्हणून काढली असेल. त्यांचे दोन्ही पंजे पखवाजाच्या दोन्ही तोंडांवर सपाट टेकलेले होते आणि डोळे मिटलेले होते. त्यांची मान हलत होती. आमच्या घरातल्या बाईला ती मान लगेच ओळखू आली असती. सम जवळ आली की आबांची मान तशी खाली यायची.

मी दार उघडलं, आत बसले आणि दार ओढून घेतलं.

दार लागलं आणि बीडचा रस्ता, हॉर्न, माणसं, ह्यांचं बोलणं, सगळं नाहीसं झालं. आधी नुसती शांतता होती. त्या शांततेत कुठेतरी तंबोरा होता, इतका स्वच्छ की तार कुठे आहे ते बोटानं दाखवावं. मग डावीकडची थाप पडली. ती माझ्या पाठीतून आत शिरली, पोटात घुमली आणि पायांतून खाली उतरली. आमच्या गावात मी जन्मभर कर्णे ऐकलेत. पण आवाज असा असतो, एवढा मोठा असून अंगावर न येणारा, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मी सीटला धरून बसले. देवळाच्या गाभाऱ्यात बोलायचं नसतं, तसं मला तिथे बोलावंसं वाटेना.

आबांनी डोळे उघडले. त्यांनी माझा हात धरला आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर ठेवला.

ते कातडं थरथरत होतं. पेटीतून थाप आली की माझ्या तळव्याखाली पखवाज घुमायचा. जोरदार थापेला जोरात, हलक्या थापेला हलका. त्याला कुणी वाजवत नव्हतं. आबांचा हात स्थिर होता, माझा हात स्थिर होता आणि पखवाज आपला आपण वाजत होता.

"बोलतोय," आबा म्हणाले. "सूनबाई, बोलतोय बग ह्यो."

किती दिवसांनी त्यांनी मला हाक मारली होती! मला रडू आलं आणि मी सरळ रडले.

"मला वाटलं व्हतं, कानानंच ऐकतो आपुन," आबा स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "कान गेलं तर समदं गेलं. हात ऐकतोय की गं. हात पैल्यापासनं ऐकत आसंल. म्या कदी त्येला इचारलंच न्हाई."

काचेवर टकटक झाली. बाहेर हे वाकून बघत होते. बायकोच्या डोळ्यांत पाणी आणि बापाच्या मांडीवर उघडा पखवाज बघून माणूस घाबरला होता. मी पलीकडच्या दाराकडे बोट केलं. हे वळसा घालून आले, दार उघडलं.

"काय झालं? आबा, काय झालं?" ओरडलेच नेहमीसारखे.

"बसा. दार लावा आणि बोलू नका," मी म्हणाले.

लग्नानंतर मी ह्यांना असं कधी बोलले नव्हते. ते बसले. आबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. नुसता त्यांचा अंगठ्यांनी भरलेला पंजा ओढून घेतला आणि कातड्यावर दाबून धरला. पेटीतला माणूस आता लयीत आला होता. बोलांवर बोल येत होते आणि ते सगळे माझ्या नवऱ्याच्या हाताखालून जात होते. त्यांनी एकदा पखवाजाकडे बघितलं, एकदा डिकीच्या बाजूला. मग बापाच्या तोंडाकडे बघायला लागले आणि बघतच राहिले. मला वाटतं, आबांचा चेहरा त्यांनी कितीतरी दिवसांनी न ओरडता बघितला असेल.

बाहेर अप्पांना वाटलं, झालं बघून. त्यांनी बटण इकडे केलं. सेट पहिला लागला. सीडी तीच, वाजवणारा तोच, काचा बंद. आवाज कानात घुसला, दिवे नाचले, पण हाताखालचं कातडं मुकं झालं.

आबा दचकले. इकडे तिकडे बघायला लागले.

"कावून थांबला त्यो?"

"अप्पा! मागचं लावा, मागचं!" ह्यांनी काच खाली करून आरोळी ठोकली.

मागचं लागलं. आबांचा चेहरा पुन्हा उजळला. ह्यांनी परत बटण फिरवायला सांगितलं, परत पहिलं, परत दुसरं. आणि प्रत्येक वेळी हे सेटकडे ढुंकूनही न बघता नुसते आबांकडे बघत होते. काही न ऐकणाऱ्या माणसानं दोन सेटमधला फरक असा पटापट सांगितला की मला नवल करायलाही फुरसत मिळाली नाही.

मग आबा थोडा वेळ ध्यान लावून बसले आणि म्हणाले, "हात गोड हाय गड्याचा. पर तिहाईला लई घाई करतोय."

ह्यांना हसू फुटलं. मलाही फुटलं. आम्ही दोघं रडत हसत होतो आणि बाहेर अप्पा काचेला नाक लावून बघत होते.

हे उतरले. गर्दी अजून होती.

"मग पैला बसवू न्हवं, साहेब?" अप्पांनी विचारलं.

"दुसरा."

"पर भायेर कायच येत न्हाई, तुमीच म्हनलात..."

"भायेरचं भायेरचे बगतील," हे म्हणाले.

तेवढ्यात सिद्धाराम तोंड पुसत आला. "साहेब, दुसऱ्याचं रसवंतीपाशी कायच आलं न्हाई बगा."

"तुला रस आला न्हवं? मग झालं तर."

सेट पक्का बसवून निघेस्तोवर दिवस कलला. हे मागे आबांजवळ बसले, मी पुढे. वाटेतलं गढी गाव मागे पडेपर्यंत आबांनी त्या सीडीवाल्याला चार ठिकाणी शाबासकी आणि दोन ठिकाणी शिव्या दिल्या. ह्यांचा पंजा सगळी वाट पखवाजावर होता. मध्येच ते पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "आता कावून द्यायचा धुळाजीला? तू सांग की त्यांना."

"मी कशी सांगू? शब्द आबांनी दिलाय."

"आन् आबा शब्द मोडायचे न्हाईत," हे म्हणाले आणि मागे टेकून बसले.

तीच मला धास्ती होती. दिलेल्या शब्दापुढे आबांनी आजवर कशाचीच गय केली नव्हती. गेवराई दिसायला लागली. त्यांनी खूण करून टेप बंद करायला लावला. गवसणी झटकली, पखवाजावर चढवली, नाडीला गाठ मारली. गाठ नीट बसली का ते ओढून बघितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले.

धुळाजी स्टँडजवळच्या हॉटेलपाशी उभा होता. पखवाज घ्यायला येताना त्यानं कोरा टॉवेल आणला होता, नारळ आणला होता. गाडी थांबली तशी बाजारातली माणसं भोवती जमली.

"साहेब, टेप बसवायला गेलतात म्हनं! मग आवाज कुठाय?"

"आत हाय," हे म्हणाले. बाजार चकित झाला असणार, कारण इतकं थोडक्यात बोललेले विजयसिंह त्यानं कधी बघितलेले नव्हते.

मी आबांच्या बाजूचं दार उघडलं. आबा दाराकडे वळून बसले, पाय जमिनीवर, पखवाज मांडीवर. धुळाजीनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग तो गुडघ्यावर बसला, कोरा टॉवेल दोन्ही हातांवर पसरला आणि हात पुढे केले. त्याचेही डोळे भरले होते. गुरूचं वाद्य गुरू असताना घ्यावं लागणं कुणाला आवडेल?

आबांनी गाठ सोडली. गवसणी खाली केली आणि तिच्या आतल्या खिशात हात घालून बराच वेळ चाचपलं. तिथून त्यांनी हातोडी काढली. पखवाज सुरात लावायला कडेनं ठोकतात ती, दांडा हातानं गुळगुळीत झालेली. ती त्यांनी धुळाजीच्या टॉवेलवर ठेवली.

"सूर आता मला उमगायचा न्हाई, धुळाजी. त्यो तू लावून देत जा," आबा म्हणाले. "वाजवीन म्या."

धुळाजीनं हातोडी उचलली. मग ती कपाळाला लावून त्यानं रडवेल्या आवाजात काहीतरी विचारलं. आबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी पखवाजाचं उजवं तोंड त्याच्याकडे वळवलं आणि डाव्यावर आपला हात ठेवून वाट बघत बसले.